ताणावरची माती

मोसंबीच्या झाडाला मरायच्या बेताला न्यायचं आणि मरू मात्र द्यायचं नाही, याला आमच्याकडे ताण देणं म्हणतात. थंडी पडली की बागेचं पाणी तोडायचं आणि महिना-सव्वा महिना झाड तहानलेलं ठेवायचं. पानं वळतात, पिवळी पडतात, पाव हिस्सा गळून जातात. आपलं काही खरं नाही असं झाडाला वाटू लागलं की बेताबेताने पाणी सोडायचं. आधी आंबवणीचं हलकं पाणी, आठवड्याने चिंबवणीचं, मग पोटभर. घाबरलेलं झाड अंगभर फुलतं. ताण कमी पडला तर नुसता पाला फुटतो, जास्त झाला तर झाड जातं. मधला जो दोन-चार दिवसांचा बेत असतो, तो ओळखणारी माणसं शहागडच्या आमच्या पट्ट्यात बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांत माझे वडील, आण्णा, पहिले. निदान आण्णांचं मत तसं होतं.

त्यांची रीत ठरलेली होती. बुंध्यापासून चार हात लांब, हातभर खोल खणायचं, तळाची माती मुठीत घेऊन दाबायची. लाडू वळला तर अजून थांबायचं. वळून लगेच मोडला तर दोन-चार दिवस राहिले. वळलाच नाही तर मोटर चालू करायची. झाडाकडे ते बघतसुद्धा नसत. "झाड सोंग करतं, माती सोंग करत न्हाई," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. ही बाग त्यांनी मी दुसरीत असताना लावली होती. तिच्याशिवाय आण्णांना गावात मानाचं असं दुसरं काही नव्हतं. बाग गेली तर माणूस जिवंत राहून उपयोग नव्हता, हे आम्हाला घरात न बोलता माहीत होतं.

माणसांनाही ते ताणच देत. त्यांनी हात उगारलेला मी कधी पाहिला नाही. ते बोलणं बंद करायचे. माय एकदा मामाकडे दोन दिवस जास्त राहिली तर महिनाभर तिच्याशी अबोला. ती ताट वाढायची, हे जेवायचे, ताट सरकवायचे. मग एके दिवशी अचानक "मीठ दे" म्हणायचे, आणि मायचा चेहरा असा काही उजळायचा की मला तिची चीड यायची. मी तेव्हाच ठरवलं होतं की आपण असं फुलायचं नाही.

ठरवणं सोपं असतं. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असताना मंठ्याचं एक स्थळ आलं. खताचं दुकान, दुमजली घर, एकुलता एक मुलगा. आण्णांनी मला न विचारता शब्द दिला. मी पोह्यांच्या बश्या पाहुण्यांच्या हातात देऊन झाल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं की मला शिक्षण पुरं करायचंय, लग्न करायचं नाही. पाहुणे पोहे खाऊन गेले. त्या दिवसापासून आण्णा माझ्याशी बोलले नाहीत. मी खोलीत असले तरी ते मायला सांगत, "तुझ्या लेकीला सांग." मी तिथेच उभी असायची, आणि माय खुळ्यासारखी माझ्याकडे वळून तेच वाक्य पुन्हा म्हणायची.

त्या हिवाळ्यात मी कॉलेजचा जुना मायक्रोस्कोप घेऊन घरी आले. माझ्या लघुप्रबंधाचा विषय होता मातीतले सूत्रकृमी, त्यातही जंतू खाणारे. सूत्रकृमी म्हटलं की आमच्याकडे लोक दुकानात दाणेदार विष आणायला धावतात, कारण मुळांत सुई खुपसून रस पिणारे कृमी बागेची वाट लावतात. माझ्या कृमींना सुई नव्हती. त्यांचं तोंड म्हणजे नुसती पोकळ नळी, आणि घशात जात्यासारखा एक फुगीर भाग. मातीतले जंतू आत ओढायचे, भरडायचे आणि नको असलेला नत्र बाहेर टाकायचा. तो मुळांच्या कामी येतो. एका मिलिमीटरहून लहान हे जनावर झाडाचं काही बिघडवत नाही, उलट त्याला खाऊ घालतं. पण गावात हे कोणाला सांगणार? मी "किडे मोजणारी" झाले होते.

मला पाहायचं होतं ते त्यांचं मरण टाळणं. माती हळूहळू वाळत गेली की हे कृमी चकलीसारखं वेटोळं घालतात आणि अंगातलं पाणी जाऊ देतात. पार सुकतात. श्वास नाही, हालचाल नाही. असे ते महिनोन्महिने पडून राहतात, आणि पाण्याचा थेंब मिळाला की दोन-तीन तासांत शेपटीचं टोक हलतं. एकच अट असते. वाळणं सावकाश झालं पाहिजे. घाईने वाळवले तर ते सरळ मरतात. अन्न संपलं तर दुसरी युक्ती: पिल्लं वाढायची थांबतात, तोंड बुजवून घेतात, अंगावर जाड कातडं चढवतात आणि काहीही न खाता, नेहमीच्या आयुष्याच्या कित्येक पट जगत वाट बघतात. हे सगळं बघायला ताणावरच्या बागेसारखी जागा नव्हती. पाणी तोडल्यापासून दर तिसऱ्या दिवशी मी तिथली माती आणत होते. नरसाळ्यावर जाळी, जाळीवर टिशू पेपर, त्यावर माती आणि खालून ती भिजेल इतकं पाणी. नरसाळ्याच्या नळीचा चिमटा दुसऱ्या दिवशी सैल केला की काचेच्या वाटीत जिवंत कृमी उतरत. आण्णांनी हरकत घेतली नाही, कारण हरकत घ्यायला बोलावं लागलं असतं.

ताण सुरू होऊन तीन आठवडे झाले असतील. शहागडहून येताना हायवेवर एका ट्रकने आण्णांच्या मोटरसायकलला घासलं. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली, तीन महिने पाय टेकायचा नाही. घरापुढच्या पत्र्याखाली त्यांची खाट पडली. बाग घरापासून दीड कोस. कोणीतरी म्हणालं, आण्णा, आम्ही बघून येतो बाग. आण्णा म्हणाले, "माती हातात आली की झालं. बागंत जाऊन काय करायचं?" मोटरच्या पेटीची चावी त्यांनी उशीखाली ठेवली आणि मायला म्हणाले, "तुझ्या लेकीला सांग, रोज दक्षिणंकडच्या तिसऱ्या ओळीतली माती आणाय. हातभर खोल."

मी आठ दिवस इमानाने आणली. डब्यातली माती ते तळहातावर घ्यायचे, डोळे मिटायचे, दाबायचे आणि परत डब्यात टाकायचे. माझ्याकडे बघायचे नाहीत. आठव्या दिवशी लाडू वळला आणि लगेच मोडला. "चार दिवसांत आंबवणी देऊ," ते मायला म्हणाले. मग मी हात धुवायला वळले तेव्हा, मला ऐकू जाईल असं, "सोन्यासारखं घर लाथाडलं अन् इथं किडे मोजून राह्यली. किडे सांभाळनार हाईत का तिला म्हातारपनी?"

माझं डोकं सणकलं. मला आणखी किमान पंधरा दिवसांचे नमुने हवे होते. एवढ्यात पाणी सोडलं तर प्रबंध अर्धाच राहणार होता, आणि बोलून मागायची सोय नव्हती. मागितलं असतं तर त्यांनी मायकडे बघून नाही म्हटलं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिसऱ्या ओळीत गेलेच नाही. विहिरीजवळच्या व्हॉल्वमधून कायम थोडं पाणी झिरपत असे. त्याच्या बाजूची माती मी डब्यात भरली, ओली वाटू नये म्हणून तिच्यात थोडा कोरडा मुरूम मिसळला, आणि आण्णांपुढे ठेवली. लाडू वळला. ते बराच वेळ तळहाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हवा ढगाळ व्हती. खालची ओल वर आली आसंल." स्वतःच्या तळहातावर अविश्वास दाखवायची त्यांना सवय नव्हती.

अशी मी अठरा दिवस त्यांना फसवत राहिले. मला झाडं मारायची नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. माझ्याकडे पुरावा होता ना. तिसऱ्या ओळीतली खरी माती मी ठरल्याप्रमाणे तपासत होते. ती भुग्यासारखी झाली होती आणि तरी थेंबभर पाण्यात माझे कृमी पुन्हा वळवळत होते. सव्वा महिन्याला, दीड महिन्याला, त्याच्या पुढेही. माती जिवंत आहे म्हणजे मुळं जिवंत आहेत, असं मी धरून चालले. वर्गातल्या पोराने असं उत्तर लिहिलं तर आज मी त्याला शून्य देईन. कृमी सुकायला जन्मलेला असतो. मोसंबी कलमाने वाढवलेली, पाण्यावर पोसलेली, तिला वेटोळं घालता येत नाही. पण तेव्हा मी हुशार होते, आणि खरं सांगायचं तर मजाही येत होती. ज्या माणसाने माझं तोंड बघायचं सोडलं होतं, तो रोज सकाळी माझ्या डब्याची वाट बघत होता.

माय रोज बागेत निंदायला जायची. संक्रांतीच्या आसपास एकदा तिने भाकरी थापता थापता म्हटलं, "आवं, पानं लई गळून राह्यली. निम्मी पडली. पानी द्या आता."

आण्णा म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं? भाकरीकडं बघ."

मी तिला मायक्रोस्कोपपाशी नेलं. आरशावर ऊन घेतलं आणि म्हटलं, "माय, हे बघ. त्याच मातीतले आहेत. जिवंत आहेत सगळे. तू उगाच घाबरतेस. तुला काय कळतं त्यातलं?" तेच शब्द. मला तेव्हा ते खटकलेसुद्धा नाहीत.

ती खूप वेळ वाकून बघत राहिली. मी वाटी बदलून तिला दुसरी दाखवली, मुद्दाम उपाशी ठेवलेल्या कृमींची. तिच्यात एक मोठी मादी होती, आणि तिच्या आत काहीतरी वळवळत होतं.

"हिच्या पोटात काय हाय?"

"पोरं. खायला नसलं की ही अंडी बाहेर टाकत नाही. ती आतच फुटतात. मग पोरं तिला आतून खातात. तिच्यावर पोसून तगडी होतात आणि कातडं फाडून बाहेर पडतात. ती मरते, पोरं तगतात."

"अन् ती वरडत न्हाई?"

"तिला आवाज कुठला, माय."

"मंग बराबर हाय," ती म्हणाली आणि पदराला हात पुसत चुलीपाशी गेली. मी हा किस्सा नंतर प्रयोगशाळेत मैत्रिणींना सांगितला आणि आम्ही पोट धरून हसलो. त्यानंतर मायने पानांचा विषय काढला नाही.

शेवटचे चार दिवस मी डब्यात मिसळायचा मुरूम वाढवला, आणि माझे नमुने पुरे झाले त्या दिवशी तिसऱ्या ओळीतली खरी माती नेली. ती आण्णांच्या बोटांतून वाळूसारखी सांडली. त्यांनी उशीखालची चावी काढून मायला दिली. आंबवणी झाली, चिंबवणी झाली, आणि पंधरा-वीस दिवसांत बाग अशी फुलली की रस्त्याने जाणारे गाड्या थांबवून बघू लागले. पान दिसत नव्हतं, नुसती पांढरी फुलं. शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून आण्णांना बागेत नेलं, खुर्चीवर बसवलं. एक म्हातारा बागवाला तेवढा हळूच म्हणाला, "आण्णा, पान लई कमी हाय. मरनारं झाडबी आसंच फुलतं." आण्णांनी त्याला चहा न देता वाटेला लावलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सरळ माझ्याकडे. म्हणाले, "माती बराबर आनलीस तू. येळ बिलकुल चुकू दिली न्हाई."

सात महिन्यांनी ते माझ्याशी बोलले होते. मला लाज वाटायला हवी होती. मला आनंद झाला, मी त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि घरी येईपर्यंत हसत होते.

होळीपर्यंत वाटाण्याएवढी फळं धरली आणि गळली. मग डहाळ्या शेंड्याकडून वाळत आल्या. बुंध्यांतून डिंक ओघळायला लागला. मुरमाकडच्या ओळी आधी गेल्या, मागून काळ्या रानातल्या. ऊन तापलं तेव्हा हिरवी अशी वीसेक झाडं उरली होती, तीही आज जातात की उद्या अशी. आण्णा काठीवर चालायला लागले होते. ते एकेका झाडापाशी जायचे, नखाने साल खरवडायचे, आत तपकिरी दिसलं की पुढच्या झाडाकडे. मी मागे मागे होते. सगळी ओळ संपल्यावर त्यांनी तोंडातून एक आवाज काढला, तो मला आजही ऐकायचा नाही.

त्यांची चूक असणं शक्य नव्हतं. मातीवर तर त्यांनी स्वतः रोज हात ठेवला होता, आणि माती आणणारीला चारचौघांत शाबासकी दिली होती. उरली माय. भावकीतली पाच-सहा माणसं भेटायला आली होती, त्यांच्यासमोर आण्णा तिला म्हणाले, "रोज बागंत जात व्हतीस तू. डोळे फुटले व्हते का? पानं गळताना दिसली न्हाईत? तू बाग खाल्लीस माझी." माणसं चहाच्या कपात बघत राहिली. मी दारात ट्रे घेऊन उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं मला. मी ट्रे खाली ठेवला आणि रिकामे कप गोळा केले.

प्रबंधाचं मात्र सोनं झालं. मेलेल्या झाडांखालची माती मी सवयीने तपासली, तर वाटीत कृमींची नुसती जत्रा. मुळं कुजत होती, कुजण्यावर जंतू माजले होते, आणि जंतूंवर माझे कृमी. एवढी गर्दी मी त्याआधी पाहिली नव्हती. सरांनी ते आकडे बघून शाबास म्हटलं. मला पहिला वर्ग मिळाला, पुढे नोकरीही लागली. आज मी जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, आणि सुकलेला कृमी पाण्यात कसा उठतो हे दाखवते तेव्हा मुलं टाळ्या वाजवतात.

पावसाळ्याआधी झाडं तोडली. दोन माणसं कुऱ्हाडी चालवत होती, मी आणि माय लाकडं रचत होतो. आण्णांचा मायशी अबोला सुरू होता. या खेपेचा अबोला वेगळा होता, त्याला शेवट दिसत नव्हता. माझ्याशी मात्र ते बोलत. दिवसातून दहादा हाक मारत. कोणती झाडं लावावीत, डाळिंब की सीताफळ, सगळं मला विचारत. मला ते ऐकवत नव्हतं. माणसं पाणी प्यायला विहिरीकडे गेली तेव्हा मी मायजवळ जाऊन म्हटलं, "माय, मला तुला एक सांगायचंय."

"व्हॉल्वापासची माती आनत व्हतीस ते?" ती फांद्यांची टोकं सारखी करता करता म्हणाली. "म्हाईत हाय मला. पयल्याच दिवशी बघितलं व्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. पानं गळून राह्यली म्हनलं. तुम्ही दोघं काय म्हनले व्हते मला?" तिने पुढची फांदी ओढून घेतली. "मंग म्हनलं, ज्यांना कळतं ते बघतील. रोज निंदत व्हते अन् एकेक झाड वाळताना बघत व्हते. जीव तुटायचा. पन तोंड उघडलं न्हाई."

"आणि आता? आण्णांना सांगणारेस?"

"कशाला सांगू?" तिने माझ्याकडे अशा थंड नजरेने पाहिलं की मी तिला कधी ओळखतच नव्हते असं वाटलं. "सांगितलं तर ते तुझ्याशी बोलायचं बंद करतील, अन् माझ्याशी बोलाय लागतील. आत्ता कुठं घरात निवांत वाटून राह्यलं मला. तुला लई हौस व्हती त्यांच्या बोलन्याची. आता ऐक जन्मभर."

तिने चुंबळ डोक्यावर ठेवली आणि मला मोळी उचलू लाग म्हणाली.